उस्तादाचा बुधवार

पुणे,
३ नोव्हेंबर २०२५

ती. कुंदाआत्यास,
नमस्कार. साष्टांग घालण्याच्या मनःस्थितीत मी आज नाही. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि शेवटी "चलो, ठेवते, कुकर लावलाय" म्हणून मोकळी होतेस. पत्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल.

काल अपूर्वने मला एक व्हिडिओ पाठवला. माझा शाळेतला अपूर्व, अजून जबलपुरातच आहे. खाली त्याने लिहिलं होतं, "बाबांना पाहून डोळे भरून आले." मला वाटलं, बाबांना काही झालं. उघडलं तर आपल्या मदन महलच्या घराचं फाटक, फाटकाशी वेताची खुर्ची, खुर्चीत बाबा. केशरी टी-शर्टातली एक जाडीशी बाई धापा टाकत येते आणि त्यांच्या हातात औषधांची पिशवी आणि मेथीची जुडी ठेवते. वर हिंदीत अक्षरं, "अकेले बुजुर्गों तक हमारी दौड़". मागे तू उभी, तसलाच केशरी टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट घालून, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

माझे वडील "अकेले" नाहीत. त्यांना मुलगा आहे, शर्मिलासारखी सून आहे, आणि त्याच गावात सख्खी बहीण आहे, निदान मी तरी तसं समजत होतो. निवृत्त झालीस, धावायला लागलीस, आनंद आहे. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याची हौस तुला पहिल्यापासूनच. पण त्यासाठी माझ्या बापाचं पीठ कशाला? अख्ख्या महाराष्ट्र मंडळात आता हेच बोललं जात असेल, भय्यासाहेबांचा मुलगा पुण्यात मजेत आहे आणि म्हाताऱ्याला मेथी परके लोक आणून देतात.

व्हिडिओच्या शेवटी बाबा त्या बाईला काहीतरी म्हणतात आणि हसतात. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला समजलं नाही.

तो व्हिडिओ काढून टाका. आणि त्या बाईचं येणं बंद करा.

यशोधन


नेपियर टाउन, जबलपूर,
१० नोव्हेंबर २०२५

चि. यशोधन,
आशीर्वाद नेहमीचेच, राग आजचा.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. कुकर खरंच लावला होता आणि डाळ करपली, तीही तुझ्या खात्यात धरते.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी जुनी खोड. आता मी सांगते ते ऐक. आमच्या धावणाऱ्यांच्या टोलीत आम्ही चाळीसेक जण आहोत. रविवारी सकाळी भंवरताल बागेपाशी जमतो, धावत कुठल्या तरी कामाला जातो, तासभर राबतो आणि धावत परत येतो. मागच्या रविवारी ओमतीकडच्या एका सरकारी शाळेची भिंत रंगवली. त्याआधी एका म्हाताऱ्या जोडप्याची कपाटं वरच्या मजल्यावरून खाली आणून दिली. दात उपटणारा अनुपम आमचा म्होरक्या आहे, पण कपाट उचलताना तोच सगळ्यात आधी बसतो.

आणि बुधवारी ज्याला त्याला आपापल्या उस्तादाकडे जायचं असतं. हा उस्ताद म्हणजे घरी एकटं राहणारं एखादं म्हातारं माणूस. उस्ताद का म्हणतो? आखाड्यात उस्ताद स्वतः कुस्ती खेळत नाही, काठावर बसतो. पण तो बसलेला असतो म्हणून पोरं मातीत उतरतात. एकट्याने धावायचा माणसाला कंटाळा येतो. कोणी वाट बघत बसलंय म्हटलं की पाय आपोआप उचलतात. तेव्हा घेणारे भय्यासाहेब नाहीत, घेणारी ती व्हिडिओतली अवंतिका आहे. ती इथे एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते. शुगर वाढली, डॉक्टरने पळायला सांगितलं. पहिल्या दिवशी बागेला एक फेरी मारून ती बाकावर बसून रडली होती. आज ती नेपियर टाउनहून मदन महलपर्यंत न थांबता जाते, ती तुझ्या बापाच्या भरवशावर. मेथी तिने स्वतःहून आणली. भय्यासाहेबांना मेथी आवडते हे मला साठ वर्षं ठाऊक आहे, पण मी कधी नेली नव्हती.

"अकेले" हा शब्द अनुपमचा. तो चुकला, मी काढायला लावला. व्हिडिओ राहील.

आता लोक काय म्हणतील याची तुला पडली आहे म्हणून सांगते. पावसाळ्यात भय्यासाहेब न्हाणीत घसरले. तुला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे, ती मी आज मोडते. त्यांनी पहिला फोन तुला केला होता. तू मीटिंगमध्ये होतास. मग त्यांनी मला केला. मी पोचले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते आणि मला म्हणाले, "त्याला त्रास नको देऊ, कामात आहे तो." लोकांना बोलायचंच असेल तर हे बोलतील, मेथीचं नाही.

आणि आम्ही कोणाच्या घरात घुसत नाही बरं का. घरच्यांनी लेखी नको म्हटलं तर आमचा माणूस त्या गल्लीत पाय ठेवत नाही. असा आमचा नियम आहे आणि तो आम्ही पाळतो. तू मात्र गेल्या दिवाळीला आला नाहीस, आणि त्याच्या आधीच्या दिवाळीला आलास तो लॅपटॉप घेऊन.

कुंदाआत्या


पुणे,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. कुंदाआत्यास,
मीटिंगमध्ये होतो, हे खरं. संध्याकाळी मी उलटा फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, "काही नाही, असाच केला होता, जेवलास का?" आता घसरलेला माणूस असं बोलत असेल तर मला पुण्यात बसून स्वप्न पडायला हवं होतं का? आणि तू चार महिने तोंड शिवून बसलीस, ते आज मला टोचायला उघडलंस. चोराच्या उलट्या बोंबा.

असो. चूक माझी असेल तर ती मीच दुरुस्त करतो. एका एजन्सीमार्फत मी बाबांसाठी माणूस ठरवला आहे. त्याचं नाव मोहन, सोमवारपासून तो सकाळ-संध्याकाळ येईल. औषधं, भाजी, न्हाणीघर, सगळं तो बघेल. त्यामुळे तुमच्या टोलीची गरज संपली. लेखी नको म्हटलं तर तुम्ही गल्लीत पाय ठेवत नाही, असं तूच लिहिलंस. सोबत अनुपम यांच्या नावे माझी लेखी हरकत जोडली आहे. नियम पाळा.

आणि त्या उस्तादाबद्दल. तुला तुझ्या भावाचं कौतुक आहे ते राहू दे, पण त्या उस्तादाच्या हाताखाली मी सात वर्षं काढली आहेत. तू तेव्हा नोकरीवर भोपाळला होतीस. बाबा फॅक्टरीतून रात्रपाळी करून यायचे आणि अंघोळ न करता मला उठवून मदन महलच्या टेकडीवर पळवायला न्यायचे. मी बारा वर्षांचा होतो. एकदा किल्ल्याच्या पायथ्याशी मी उलटी केली. त्यांनी रुमाल दिला आणि म्हणाले, "झालं ना ओकून? चलो, आता परत वर." सात वर्षांत मला एकदाही बस म्हटलं नाही, बरं पळालास म्हटलं नाही. जिल्ह्यात पहिला आलो तेव्हा पदक हातात घेऊन म्हणाले, "टाइम खराब आहे."

तो व्हिडिओ मी हेडफोन लावून पुन्हा ऐकला. शेवटी ते त्या बाईला काय म्हणतात ठाऊक आहे? "हळू, बेटा, हळू. घाई कोणाला आहे? छान आलीस आज."

हे नाटक आहे. म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर गोड व्हायचं नाटक. माझ्याच घराच्या फाटकात ते चाललेलं मला पाहायचं नाही.

यशोधन


नेपियर टाउन, जबलपूर,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. यशोधन,
आशीर्वाद या वेळी उधार.

तुझी हरकत अनुपमकडे पोचती केली. नियमाप्रमाणे अवंतिकाचं जाणं बंद झालं. नियमाचा दुसरा भाग तुला मी लिहिला नव्हता, तो आता वाच. हरकत कोणी घेतली, हे ना उस्तादाला सांगायचं, ना धावणाऱ्याला. राइट टाउनच्या एका आजोबांना सुनेने हरकत घेतल्याचं कळलं आणि त्यांनी तिच्या हातचं जेवणं सोडलं होतं. तेव्हा हट्टाने मीच हा नियम करून घेतला. करावं तसं भरावं म्हणतात, ते मी आता भरते आहे.

परवा बुधवारी मी मुद्दाम तिकडे गेले. भय्यासाहेबांनी दाढी केली होती. खुर्ची बाहेर काढली होती, लिंबाचं सरबत करून वर बशी झाकून ठेवलं होतं. ऊन खुर्चीवर आलं तशी त्यांनी खुर्ची सरकवली. पुन्हा आलं, पुन्हा सरकवली. मग मला म्हणाले, "आली नाही. काहून आली नाही गं?" मी म्हटलं, "कामात असेल." असल्या खोट्याची मला सवय आहे, तुझ्यासाठी इतकी वर्षं हेच बोलत आले आहे. सरबत त्यांनी मला दिलं. साखर टाकलेलीच नव्हती, अवंतिकाला चालत नाही म्हणून.

तुझा मोहन भला माणूस आहे. पण भय्यासाहेबांनी पहिल्याच दिवशी त्याला फाटकापर्यंत पळून दाखवायला सांगितलं. तो म्हणाला, "बाऊजी, मैं आपको देखने आया हूँ, पीटी करने नहीं." तेव्हापासून दोघं दोन खोल्यांत बसून असतात. मोहन मोबाइल पाहतो, भय्यासाहेब भिंत.

तू बापावर सूड उगवलास, यशोधन. टेकडीचा सूड तू फाटकावर घेतलास, आणि तोही स्पीड पोस्टाने, म्हणजे बापाचं तोंड बघायला नको. त्याने तुला पळवलं, मान्य. उलटी झाल्यावर पुन्हा पळवलं, ते वाईटच केलं, आणि मी भोपाळला नसते तर त्याचा कान धरला असता, मोठा असला तरी. पण अवंतिकाने तुझं काय घोडं मारलं होतं?

व्हिडिओत नाटक होतं म्हणतोस. मी त्या फाटकाशी कितीदा तरी उभी होते, कॅमेरा एकदाच होता. बाकीच्या वेळीही भय्यासाहेब तिच्याशी तसेच बोलत होते.

कुंदाआत्या


मदन महल, जबलपूर,
९ डिसेंबर २०२५

चि. यशोधन,
आशीर्वाद. प्रकृती ठीक. तू पाठवलेला माणूस येतो. त्याला काम नाही आणि मला त्याचा उपयोग नाही, तेव्हा बंद कर.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. कुंदाच्या टोलीतली एक मुलगी माझ्याकडे बुधवारी धावत यायची. अवंतिका नाव. कुंदाने तुला सांगितलं असेल. ती आता येत नाही. दोन बुधवार रिकामे गेले. कुंदा म्हणते कामात आहे. कुंदाला खोटं बोलता येत नाही, ती बोलताना पदराशी खेळते. अनुपमला फोन केला, तो म्हणाला, "देखते हैं, अंकलजी." म्हणजे काही तरी आहे.

मी बसून विचार केला. रिकामा वेळ आहेच. माझं काय चुकलं ते मला सापडलं आहे. मी तिला ढील दिली. ती थांबली तर म्हणायचो थांब, बस, पाणी पी. चालत आली तरी म्हणायचो छान आलीस. वय झालं की माणूस असा मऊ होतो, त्याला इलाज नाही. पण ढील दिली की माणूस सुटतो. फॅक्टरीत पण हेच पाहिलं. ज्या पोराला मी रागावलो नाही तो मशीनवर झोपला.

तुला मी कधी ढील दिली नाही. तेव्हा तुझी आई माझ्याशी भांडायची, कुंदा आजही भांडते. पण तू पाहा कुठे पोचलास. इंजिनियर झालास, पुण्यात घर केलंस. ते त्या टेकडीचंच आहे. मधे मला वाटायला लागलं होतं की तुझ्या बाबतीत मी फार कडक होतो. या मुलीशी बोलताना कधी कधी तसं वाटायचं. आता कळलं की तसं काही नाही. तुझ्या वेळी बरोबर होतो, आता चुकलो.

अनुपमने दुसरं कोणी पाठवलं तर त्याला तुझ्यासारखंच पळवीन. चहापाणी काही नाही.

थंडी वाढली आहे. कानटोपी घालत जा.

बाबा


पुणे,
१५ डिसेंबर २०२५

ती. कुंदाआत्यास,
साष्टांग नमस्कार.

हरकत मागे घेतली आहे. अनुपम यांना वेगळं पत्र टाकलं आहे, मोहनलाही बंद केलं. अवंतिकाबाईंना पुढच्या बुधवारपासून पाठव.

बाबांचं पत्र आलं. त्याची प्रत सोबत जोडतो आहे. वाच आणि तुझ्या त्या नियमाला माझ्याकडून नमस्कार सांग. कोणी हरकत घेतली ते सांगायचं नाही म्हणे. न सांगितल्यामुळे त्यांनी बसून काय शोधून काढलं ते बघ. ते आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाशी बरं बोलले, आणि आता त्यांची खात्री पटली आहे की बरं बोलणं ही चूक होती. आणि मला पळवलं ते बरोबर होतं. हे मी माझ्या सहीने सिद्ध करून दिलं.

सूड म्हणालीस. तसं असतं तर बरं झालं असतं, सुडाची लाज वाटत नाही. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला, आत्या. शर्मिला झोपल्यावर पाहिला, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पाहिला. "छान आलीस आज." त्या बाईला ते सहज मिळालं, धापा टाकत, चालत, मेथीच्या जुडीवर. मला हेवा वाटला. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला एका दवाखान्यातल्या बाईचा हेवा वाटला. अब्रू, मंडळ, लोक काय म्हणतील, हे सगळं मी वरून घातलेलं पांघरूण होतं.

हे तू बाबांना सांग. माझ्याने होणार नाही. तू त्यांच्या गावात आहेस, बहीण आहेस, तुला बोलता येतं.

यशोधन


नेपियर टाउन, जबलपूर,
२० डिसेंबर २०२५

चि. यशोधन,
आशीर्वाद, आणि सोबत नकार.

भय्यासाहेबांचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. कढई घासत होते, घासलेलीच पुन्हा घासली. तुझं वाचलं तेव्हा तुझ्यावरचा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा ठेवला आहे, लागेल.

मी सांगणार नाही. नियम मोडायचा नाही म्हणून नव्हे, नियम गेला खड्ड्यात. मी सांगितलं तर ते म्हणतील, कुंदा पोराची बाजू घेते. आजवर मी त्यांच्याशी तुझ्यासाठी भांडले आणि तुझ्याशी त्यांच्यासाठी, आणि तुम्ही दोघं एकमेकांना फोनवर विचारता, जेवलास का, जेवलात का. माझा पूल करून ठेवला आहे तुम्ही. पुलाचं वय झालं.

आणि दुसरं, तुला वाटतं तेवढं हे सोपं राहिलेलं नाही. अवंतिका धावतच नाही आता. मी दवाखान्यात गेले तर काउंटरवरून मान वर केली नाही. मग म्हणाली, "दीदी, अंकलजींनी मला मना केलं ना? मी जाडी आहे, हळू आहे, त्यांना बोर होत असेल. सीधे बोलून द्यायचं होतं." मी म्हटलं, तसं नाही. तर म्हणाली, "मग काय आहे?" आणि मी, माझ्याच नियमाची शहाणी, पदराशी खेळत उभी. ती म्हणाली, "देखा." आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला. रविवारीही येत नाही. पाठव म्हणून पाठवायला ती काय पार्सल आहे?

तिला खरं कळल्याशिवाय ती येणार नाही, आणि भय्यासाहेबांना खरं कळल्याशिवाय ते तिच्याकडे जाणार नाहीत. खरं तुझ्याकडे आहे. स्पीड पोस्टाने बिघडवलंस, स्पीड पोस्टाने नीट कर.

कुंदाआत्या


पुणे,
२९ डिसेंबर २०२५

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

अवंतिकाबाई स्वतःहून थांबल्या नाहीत. त्यांना मी थांबवलं. नोव्हेंबरात मी कुंदाआत्याच्या टोलीला लेखी कळवलं की माझ्या वडिलांकडे कोणी येऊ नये. हरकत कोणाची ते तुम्हाला सांगायचं नाही असा त्यांचा नियम आहे, म्हणून आत्या पदराशी खेळत होती. त्या बाईंना वाटतं, तुम्हीच त्यांना नको म्हटलं. त्यांनी धावणं सोडलं आहे.

एवढं लिहून पत्र संपवणार होतो, पण तुमच्या पत्राचं उत्तर राहतं.

ढील दिली की माणूस सुटतो, असं तुम्ही लिहिलंत. साफ चूक. ती बाई ढील दिल्यामुळे सुटली नाही, ढील दिल्यामुळेच येत होती. सुटलो तो मी. जिल्ह्याच्या त्या शर्यतीनंतर मी एकदाही पळालो नाही, तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्ही म्हणालात टाइम खराब आहे आणि मी बूट शेजारच्यांच्या मुलाला देऊन टाकले. इंजिनियर मी टेकडीमुळे झालो नाही. जबलपूरबाहेरचं कॉलेज मिळावं म्हणून झालो, तुमच्या हाकेच्या बाहेर जाता यावं म्हणून. तुम्ही ते यश म्हणून मोजता. मी पळून गेलो होतो, बाबा, आणि अजून परतलो नाही.

त्या बाईशी तुम्ही जसं बोलता ते ऐकून मला राग आला. असं बोलता येत होतं तर माझ्याशी का नाही बोललात, हा तो राग. तुम्हाला येतच नाही असं मी धरून चाललो होतो, म्हणून इतकी वर्षं निभावलं. येतं, हे कळलं आणि सहन झालं नाही. म्हणून बंद पाडलं.

माझं माझ्यापाशी. पण कृपा करून यातून भलतं काही शिकू नका. त्यांना बोलवा, आणि आल्या की पूर्वी बोलत होता तसंच बोला. दुसऱ्या कोणाला माझ्यासारखं पळवू नका.

यशोधन


मदन महल, जबलपूर,
७ जानेवारी २०२६

चि. यशोधन,
पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तू नालायकपणा केलास. फाटक माझं आहे. कोणी यायचं, कोणी नाही, हे मी ठरवीन. पुण्याहून कागद पाठवून बापाच्या दारातून माणूस परत पाठवतोस, ही कोणती रीत? समोर असतास तर कानाखाली वाजवली असती, सत्तेचाळीस काय आणि सत्तावन्न काय. कुंदाशीही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ती मेथी घेऊन आली.

टाइमचं लिहिलंस. टाइम खराबच होता. मी घड्याळ पाहिलं होतं, तुझ्याकडे पाहिलं नव्हतं. बूट शेजारी दिलेस हे मला माहीत होतं. ते पोर ते घालून आपल्याच फाटकावरून जायचं. मी तुला विचारलं नाही. तू सांगशील म्हणून वाट पाहिली, तू कॉलेजला निघून गेलास.

परवा ऑटो करून नेपियर टाउनला गेलो. दवाखान्यात गर्दी होती. अवंतिकाने मान वर न करता सांगितलं, "नंबर लगाइए." मी म्हटलं, "लावला, बेटा, दीड महिन्यापासून लावून बसलो आहे." तेव्हा तिने वर पाहिलं. ती रडायला लागली, मग रागावली. म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच मना केलं." मी म्हटलं, "मी नाही. माझ्या मुलाने केलं." ती म्हणाली, "काहून? मी काय केलं त्यांचं?"

पुढच्या बुधवारी येते म्हणाली. मधे सोडल्यामुळे अर्धं चालतच येईल. येऊ दे.

पण तिने विचारलं त्याचं उत्तर द्यायचं होतं. आजूबाजूला पेशंट बसलेले, सगळे ऐकून राहिले होते. मी म्हटलं, "तुझं काही नाही, बेटा. त्याला त्याचा बाप पाहिजे होता."

चुकीचं सांगितलं असेल तर कळव.

बाबा